रिकाम्या जागेचा पंचनामा

बिल्डरने आम्हा मागच्या बाजूच्या गाळेवाल्यांना फसवलं. गाड्या उभ्या करायची मोकळी जागा नकाशात दाखवून त्याने आम्हाला गाळे विकले, आणि नंतर तीच जागा नकाशातून काढून तिथे नवे गाळे बांधून दुसऱ्यांना विकले. पालिकेच्या इंजिनिअरने त्यावर सही केली. हे मी आधीच लिहून ठेवतो, कारण आमच्या गावात ही गोष्ट लोक भलतीकडूनच सांगायला घेतात. म्हणतात, मागच्या गाळेवाल्यांनी आपल्याच हाताने जागा घालवली. आणि हसतात. हसणाऱ्यांतल्या निम्म्यांच्या जीपचं हूड मी शिवलेलं आहे.

गाव चंद्रपूर जिल्ह्यातलं. नाव लिहीत नाही. ज्याला ओळखायचं तो ओळखेल, आणि ज्याने सही केली तो तर ओळखेलच.

माझा धंदा हूड आणि कुशनचा. जीपचं कापडी छत शिवायचं, सीटा भरायच्या, ट्रकची ताडपत्री सांधायची. हे काम मी वरोऱ्याला एका उस्तादाच्या हाताखाली शिकलो आणि आमच्या गावात येऊन एसटी स्टँडसमोरच्या चिंचेखाली मशीन मांडलं. बापाने दिलेलं काही नव्हतं. मशीन जुनं, दाभण उस्तादाचा, सावली चिंचेची. पण गिऱ्हाइकाला तोटा नव्हता. गडचिरोलीकडून येणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपचं हूड बांबूच्या फांद्या फाडून ठेवत. खाणीवाल्यांच्या गाड्या येत, जंगल खात्याच्या येत, पुढे मोहर्लीच्या जंगल सफारीच्या जिप्सी यायला लागल्या. टुरिस्ट माणूस वाघ दिसला की सीटवर बुटासकट उभा राहतो, त्यामुळे जिप्सीची सीट वर्षभर टिकत नाही. वाघाची मेहरबानी म्हणा.

या धंद्यातली एक गोष्ट बाहेरच्या माणसाला कळत नाही, म्हणून सांगतो. सदऱ्याचं माप चिठ्ठीवर लिहून पाठवता येतं. हुडाचं येत नाही. प्रत्येक जीपचा पाइप वेगळा वाकलेला असतो. कोणाची धडक झालेली, कोणी वेल्डिंग केलेलं. कापड गाडीवर टाकावं लागतं, खडूने खुणा कराव्या लागतात, उतरवून शिवावं लागतं, परत चढवून ताणावं लागतं. म्हणजे गाडी दारात उभी पाहिजे, आणि कधी दिवसभर उभी पाहिजे. माझ्या धंद्यात गाडीची जागा हीच दुकान. चार भिंती नुसत्या मशीन ठेवायला.

चिंचेखाली तीच अडचण होती. गाडी रस्त्यावर उभी, एसटीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून शिव्या देणार, ट्रॅफिकचा पोलीस येऊन टायरवर दांडा मारणार. अर्धं हूड चढलेलं असताना मी जीप ढकलून पुढे नेलेली आहे, आणि कापड मागे रस्त्यावर लोळत आलेलं आहे. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच होतं. अशी जागा घ्यायची, जिथे माझ्या दारात गाडी उभी राहील आणि तिला कोणी ‘हटव’ म्हणणार नाही.

नव्वदीच्या अखेरीस स्टँडजवळच्या लाकूड कापायच्या जुन्या आरामशीनची जागा विकली गेली. घेणारा आधी लाकडाचा ठेकेदार होता, मग एकदम बिल्डर झाला. त्याने कॉम्प्लेक्स काढलं. समोर रस्त्याला तोंड करून एक ओळ, मागे पटांगणाला तोंड करून दुसरी. पटांगणावर नकाशात मोठ्या अक्षरांत ‘वाहनतळ’ लिहिलेलं. तो नकाशा रंगवून त्याने ऑफिसात काचेखाली ठेवला होता. त्यात दोन झाडं आणि एक लाल मोटारही काढली होती.

सगळं गाव समोरच्या गाळ्यांवर तुटून पडलं. मी गेलो आणि मागचा मागितला.

“मागचा?” बिल्डर म्हणाला. “अरे भाई, समोरचा घ्या ना. रस्ता दिसते, माणूस दिसते.”

“मले माणूस नाई पाहिजे शेटजी, गाडी पाहिजे.”

“मागं तर कुत्रं बी येत नाई.”

“म्हणूनच तर भाव कुत्र्याचा लावा.”

सौदा चार चहांवर चालला. मी दोनदा उठलो, दोनदा चप्पल घातली, आणि दोनदा त्याने मला हात धरून बसवलं. शेवटी त्याच्या मनातल्या भावाच्या पुष्कळ खाली तोडलं. वर हेही वदवून घेतलं की दारासमोरची जागा कायम मोकळी राहील. त्याने काचेवर बोट ठेवलं. “नकाशात हाय ना भाऊ. सरकारी शिक्का हाय.” मी माणसाच्या शब्दावर कधी गेलो नाही. शिक्क्यावर गेलो.

माझ्यामागून बॅटरीवाला आला. तो माझ्या शेजारचा गाळा घेऊन बसला. मग रेडिएटरवाला, मग डेंटिंगवाला. वर्षभरात मागची बाजू गाड्यांची झाली. बाजाराच्या दिवशी पटांगणात जीपला जीप लागलेली असे. मूल गावाकडून येणारे धानवाले ट्रॅक्टर लावून बाजार करून येत, तोवर मी सीट भरून ठेवत असे. कडेला दोन-चार बैलबंड्याही सोडलेल्या असत. बैल माझ्या फोमचे तुकडे खात, त्यावरून भांडणं होत. चांगले दिवस होते. पोलिसाचा दांडा मी विसरून गेलो होतो.

बिल्डर अधूनमधून येई. माझ्या दारात खुर्ची टाकून बसे आणि पटांगणाकडे पाहत राही. मला वाटे, आपल्या बांधकामावर खूश होऊन पाहतो आहे. बॅटरीवाला अजून मला टोमणा मारतो, “चाचा, तुम्हीच दाखवलं त्याले, मागची बाजू चालते म्हणून.” मी म्हणतो, डोळे सगळ्यांनाच असतात. चोरी डोळे करत नाहीत.

मग एक दिवस समोरच्या ओळीतला कापडवाला पेपर घेऊन आला. शेवटच्या पानावर, मुंगीच्या अक्षरात, पालिकेची सूचना होती. आमच्या कॉम्प्लेक्सचा नकाशा सुधारित होणार. पटांगणात गाळ्यांची नवी ओळ होणार, आणि वाहनतळ ‘नजीकच्या सार्वजनिक जागेत’ जाणार. हरकत असेल तर लेखी द्यावी.

नजीकची सार्वजनिक जागा म्हणजे कोंडवाड्याचं पटांगण. मोकाट जनावरं धरून आणतात आणि दंड भरेपर्यंत कोंडून ठेवतात, त्या कोंडवाड्याचं. आमच्यापासून तिथे जायचं तर पूर्ण बाजार ओलांडायचा.

“म्हणजे जीप सोडवाले दंड भरा लागन,” बॅटरीवाला म्हणाला.

आम्ही हरकत दिली. चांगल्या वकिलाकडून लिहून घेतली, शिक्का मारून पोच घेतली. पालिकेतून कळलं की इंजिनिअर साहेब स्वतः मोक्यावर येऊन पाहणी करतील, मग सुनावणी होईल. आम्ही खूश झालो. मोक्यावर आला म्हणजे दिसेलच. आंधळा आहे का तो?

पाहणीच्या आदल्या दिवशी बिल्डर आला. भांडायच्या तयारीने मी दाभण हातातच धरून बाहेर आलो. पण तो हात जोडून उभा.

“भाऊ, तुमची हरकत तुमच्या ठिकाणी. तो तुमचा हक हाय. पण साहेब येऊन राह्यले. इथी हे ऑइल, हे भंगार, हे बैलाचं शेण. काय म्हणन तो? म्हणन, हे वाहनतळ नाई, हा उकिरडा हाय. जरा शोभलं पाहिजे. तुमच्याच भल्याचं सांगून राह्यलो.”

डेंटिंगवाला मान हलवायला लागला. मलाही ते पटलं, यात विचित्र काही नाही. आमच्याकडे साहेब येणार म्हटलं की असंच होतं. शाळेत साहेब येणार असला की पोरं आठवडाभर मैदान झाडतात आणि दगडांना चुना मारतात. दवाखान्यात साहेब येणार तर खाटांवर नव्या चादरी घालून पेशंटला म्हणतात, उठून बाहेर बस. रेशनच्या दुकानापुढची लाइन त्या दिवशी हाकलून देतात. साहेबाला कोणी चालू काम दाखवत नाही, झाडलेली जागा दाखवतात. जन्मापासून जे पाहिलं ते आम्ही केलं.

दुपारपासून झाडत होतो. डेंटिंगवाल्याचे पत्रे, रेडिएटरवाल्याचं भंगार, सगळं उचलून मागच्या नालीकडे टाकलं. ऑइलच्या डागांवर माती टाकली, सडा घातला. बॅटरीवाल्याने चुन्याच्या फक्कीने रेघा मारल्या, दर गाडीला एक चौकोन, इतक्या सरळ की तो स्वतःच बाजूला उभा राहून पाहत होता. माझ्याकडे मोहर्लीच्या दोन जिप्सी कामाला होत्या. त्यांच्या मालकाला मी निरोप पाठवला, उद्या गाडी घेऊन जा, परवा आण. येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही परत पाठवलं. कोणी फक्कीच्या रेघेवर चाक घातलं की बॅटरीवाला धावत जाई. बायकोने घरून दुकानाला नवा पडदा शिवून पाठवला.

साहेब आला. तरुण नव्हता, रिटायरमेंटकडे आलेला, पांढरा सदरा, हातात कॅमेरा. बिल्डर सोबत. साहेबाने आपली गाडी पुढच्या रस्त्यावर लावली आणि चालत मागे आला. पटांगणाच्या मधोमध उभा राहून त्याने चारी बाजूंचे फोटो काढले. “छान ठेवलंय,” म्हणाला. आमच्या छात्या फुगल्या. नारळपाणी घेतलं, माझ्या पडद्याकडे पाहिलं, गेला.

त्या रात्री आम्ही मटणाचं जेवण केलं. बॅटरीवाला म्हणाला, “काम झालं समजा. साहेब खूश.”

सुनावणी पालिकेच्या सभागृहात झाली. मी शेवटच्या बाकावर बसणाऱ्यांतला नाही, पुढे जाऊन बसलो. टेबलामागे इंजिनिअर, शेजारी बाबू, समोर बिल्डर नखं पाहत बसलेला.

“रोज किती गाड्या उभ्या राहतात?” इंजिनिअरने विचारलं.

“वीस,” मी म्हणालो.

रोजच्या दहा-बारा असतील, बाजाराच्या दिवशी जास्त. पण सौद्यात पहिला आकडा कोणी खरा सांगतो का? समोरचा निम्म्यावर आणतो, हे धरूनच बोलायचं असतं. मी वीस सांगितले, तो पंधरा म्हणेल, दहावर तुटेल, आणि दहा गाड्यांची जागा आमची राहील. सगळा हिशेब मी घरून करून गेलो होतो.

त्याने सौदाच केला नाही. फाइल उघडून फोटो टेबलावर ठेवले.

“यात एक तरी दाखवा.”

फोटो फार सुंदर आले होते. ओली जमीन, पांढरे चौकोन, पलीकडे माझा नवा पडदा. गाडी औषधाला नाही.

“साहेब, त्या दिवशी आम्ही काढल्या होत्या.”

“कशाला?”

“तुम्ही येणार होते म्हणून.”

“मी गाड्यांची जागा बघायला येणार, तर गाड्या कशाला काढायच्या?”

“साफ दिसलं पाहिजे म्हणून.”

“साफच दिसलं,” इंजिनिअर म्हणाला. बाबू हसला.

मग त्याने अहवाल वाचला. सदर जागा वाहनतळ म्हणून वापरात नसल्याचे प्रत्यक्ष पाहणीत आढळून आले. वर भाषण दिलं, की या गावात मोटारी आहेतच किती, लोक पायी येतात, सायकलवर येतात. मोठमोठ्या शहरांत आता इमारतीच्या आत गाड्यांना जागा देणं कमी करून राहिलेत, शहरातली जमीन माणसांसाठी असावी, उभ्या गाड्यांसाठी नाही. मी नागपूरला ट्रेनिंगला हे शिकून आलो, म्हणाला.

“साहेब, मोठ्या शहरात लोकल हाय, बस हाय,” मी म्हणालो. “इथून मोहर्लीले काय वाघावर बसून जायाचं?”

“विषयाला धरून बोला.”

“विषयच तो हाय. गाडी नाई तर मी कशाचं हूड शिवू? तुमच्या डोक्याचं?”

हे मी बोललो. आवाजही चढला होता. पण त्याआधी मी बिल्डरला विचारलं होतं, “शेटजी, सांगा ना साहेबाले, झाडून घ्या म्हणून कोण सांगत आलं होतं?” आणि बिल्डरने नखांवरून नजर न उचलता म्हटलं होतं, “मी तर स्वच्छतेचं सांगितलं. गाड्या काढा म्हणून सांगितलं का? कोणी ऐकलं का?”

कोणी ऐकलं नव्हतं. कारण तो ते बोललाच नव्हता. त्याला बोलायची गरज नव्हती. साहेब येणार एवढं सांगितलं की आम्ही बाकीचं करू, हे तो जाणून होता. तोही इथलाच.

शिपायाने मला दंडाला धरून बाहेर आणलं. आणताना हळूच म्हणाला, “चाचा, माझ्या सायकलची सीट फाटली हाय.”

घरी सांगितलं, तर बायको म्हणाली, “साहब आते तो साफ ही करते ना, दुनिया करती. उसमें तुम्हारी क्या गलती?” तिला वाटलं मी दुःखी आहे. मी दुःखी नव्हतो, माझं डोकं फिरलं होतं. आयुष्यात मी सौद्यात कधी हरलो नव्हतो, आणि इथे समोरच्याने तोंडसुद्धा न उघडता माल नेला होता.

पावसाळ्यानंतर खांब उभे राहिले. बांधकाम झालं तेव्हा माझ्या दारासमोर एक बोळ उरली, स्कूटर आली तर माणसाने भिंतीला चिकटायचं. समोर दुसऱ्या दुकानाची पाठ. मी हातगाडीवर कापड टाकून कोंडवाड्याच्या पटांगणात जायला लागलो. तिथे माप घ्यायचं, बाजारातून परत येऊन शिवायचं, परत जाऊन चढवायचं. गिऱ्हाईक कंटाळायला लागलं. मोहर्लीचा एक जिप्सीवाला सगळ्यांसमोर म्हणाला, “चाचा, जंगलात वाघ सापडते, तुमची दुकान सापडत नाई.” माझं जुनं गिऱ्हाईक. पुढच्या खेपेला आला नाही. चंद्रपूरला जायला लागला असं ऐकलं.

मग कोंडवाड्याच्या पटांगणालाही तार लागली. पालिकेने तिथे बाग करायची ठरवली. घसरगुंडी आली, फाटकावर पाटी आली, ‘वाहने आत आणू नयेत’. ज्या जागेत आमचं वाहनतळ गेलं होतं, ती जागाही गेली. मी बागेच्या माळ्याशी भांडलो. तो म्हणाला, “माझ्याशी काऊन भांडता भाऊ, मले तर झाडाले पाणी द्याले ठेवलं.”

आणि मी परत चिंचेखाली आलो. पक्का गाळा माझ्या नावावर, त्याची घरपट्टी मी भरतो, आणि मशीन चिंचेखाली. एसटीचा ड्रायव्हर नवा, हॉर्न तोच. पोलीस नवा, दांडा तोच. गाळ्यात मी फोम ठेवतो. उंदरांना बरं पडतं.

एवढ्यावर मी गप्प बसलो असतो असं नाही, पण लिहायला बसलो नसतो. लिहायला बसायचं कारण नोटीस. पालिकेत नवे साहेब आले. त्यांनी जुन्या फाइली काढल्या. सुधारित नकाशाच्या मंजुरीत एक अट होती, की गाळेधारकांनी पर्यायी वाहनतळ कायम राखावं. बिल्डर नाही, गाळेधारक. नोटीस आमच्या नावाने निघाली: अटीप्रमाणे वाहनतळ आढळून येत नाही, तरी आपले गाळे सील का करू नयेत, याचा लेखी खुलासा करावा. अधिकारी मोक्यावर पाहणीस येतील.

मी ती नोटीस चिंचेखाली उभ्या-उभ्या तीनदा वाचली. माझी जागा गेली, तर ती कुठे गेली हे मीच सांगायचं.

पाहणीच्या दिवशी सकाळी गाळ्यावर गेलो, तर बॅटरीवाला बोळीत झाडू मारत होता. शेजारी फक्कीचं घमेलं.

“हे काय?”

“साहेब येऊन राह्यले ना.”

मी घमेलं उचलून नालीत ओतलं. झाडू छपरावर फेकला. तो म्हणाला, “चाचा, असं दिसन तर काय म्हणन तो?” मी म्हणालो, “जे दिसन ते म्हणन.” मग ओळखीच्या सगळ्या जीपवाल्यांना निरोप दिला, आज काम असो-नसो, गाडी घेऊन या आणि जागा भेटेल तिथे लावा. बाजाराचाच दिवस होता. रस्ता भरला, बोळीचं तोंड भरलं, बागेच्या फाटकापुढे भरलं. पोलिसाने दांडा आपटून पाहिला आणि शेवटी चहाला निघून गेला.

नवे साहेब पायी आले, घामाघूम. त्यांची गाडी पार पुलाजवळ अडकली होती. “इथे पार्किंग कुठे आहे?” हे त्यांचं पहिलं वाक्य.

“साहेब, हेच मी विचारून राह्यलो.”

माणूस वाईट नव्हता. मी सगळं सांगितलं, त्यांनी ऐकलं. मग म्हणाले, “फाइलमध्ये तर फोटो आहेत. जागा रिकामी होती.” मी म्हणालो, ज्यांनी फोटो काढले त्यांना बोलवा. ते म्हणाले, ते रिटायर झाले. मी म्हणालो, बिल्डरला बोलवा. ते म्हणाले, त्याने सगळे गाळे विकले, आता त्याचा या इमारतीशी संबंध नाही, तो नागपूर रोडला दुसरी स्कीम करतो आहे. तुम्ही तुमचा खुलासा द्या, बाकीचं नंतर पाहू.

तर हा माझा खुलासा. जागा आम्ही झाडली, खरं आहे. झाडलेली जागा रिकामी असते, हे इंजिनिअरला कळत नव्हतं असं मी मानत नाही. त्यालाही प्रत्येक गावात झाडूनच दाखवत असतील, आणि जिथे गाड्या येत नाहीत तिथे गाड्यांचे ताजे चौकोन कशाला, याचं त्याला नवल वाटायला हवं होतं. बिल्डर संबंध नाही म्हणतो. नागपूर रोडच्या स्कीमच्या नकाशातही त्याने मागे वाहनतळ दाखवलं आहे, मी जाऊन पाहून आलो. तिथेही झाडं आहेत, तिथेही लाल मोटार आहे.

गाळा सील करायचा तर करा, त्यात उंदीर आहेत. पण जागा कुठे गेली याचा खुलासा मी देणार नाही. त्या दोघांना बोलवा, एकाने विकलं आणि एकाने सही केली. बाजाराच्या दिवशी बोलवा, आपापल्या गाडीने येऊ द्या, आणि चिंचेखाली माझ्यासमोर उभं करून विचारा, आमची जागा कुठे आहे. मशीन तिथेच आहे, मीही तिथेच आहे. मला त्यांच्या तोंडून उत्तर पाहिजे.